पुन्हा बसावे की बसू नये?

सन २०२५ च्या मे महिन्यातला एक रविवार. दुपारची जेवणे उरकून आम्ही जरा आडवे झालो होतो, तोच आमच्या थोरल्या बंधूंचा फोन आला. "संध्याकाळी घरी ये. पोरगी ऐकत नाही." एवढे बोलून दादांनी फोन ठेवला. दादा मुळातच कमी बोलतात. तीस वर्षे कारखान्यात यंत्राशेजारी उभे राहिलेल्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय लागते म्हणतात; आमच्या दादांना गप्प बसायची लागली. त्यांच्याकडून लागोपाठ दोन वाक्ये आली म्हणजे प्रकरण साधे नाही, हे आम्ही ओळखले.

पोरगी म्हणजे आमची पुतणी. बी.कॉम. झाली, ऐरोलीला एका खासगी कंपनीत दोन वर्षांपासून हिशेबाचे काम करते, महिना सत्तावीस हजार घरी आणते. तिने २४ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅट ही परीक्षा दिली होती. ज्यांच्या घरात या परीक्षेचे नाव अजून आलेले नाही, त्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आयआयएम म्हणजे केंद्र सरकारच्या व्यवस्थापन शिक्षणाच्या संस्था. पहिल्या दोन, कलकत्ता व अहमदाबाद, १९६१ साली निघाल्या. आज त्या विसावर आहेत. आपल्या नागपूरला २०१५ पासून आहे, आणि पवईची जुनी निटी ही संस्था २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. या सर्वांच्या प्रवेशाचा दरवाजा म्हणजे कॅट. वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटी. दोन तासांचा पेपर, संगणकावर. इंग्रजी वाचन, तर्क व आकडेवारी, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकाला बरोबर चाळीस मिनिटे; एकातली वाचलेली मिनिटे दुसऱ्यात नेता येत नाहीत.

पुतणीला ८८ पर्सेंटाइल मिळाले. एका नव्या आयआयएमने मुलाखतीला बोलावले, मुलाखतीत जीएसटीवर अर्धा तास उलटतपासणी केली, आणि मे महिन्यात अनुसूचित जातीच्या जागेवर प्रवेश देऊ केला. स्वीकृतीची रक्कम भरायला पाच दिवस दिले होते. त्यांतले दोन संपले होते. आणि ही म्हणत होती, ही जागा नको, नोव्हेंबरात मी पुन्हा बसणार.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरात बैठकच भरलेली. दादा खुर्चीत, वहिनी दाराशी मेथी निवडत, शेजारचे निवृत्त गुरुजी पलंगावर, आणि पुतणी भिंतीला टेकून जमिनीवर. आमच्या वस्तीत कोणाच्या मुलाचा निकाल हा एका घराचा राहत नाही, याचे आम्हाला कौतुकही आहे आणि कधी कधी वैतागही येतो. गुरुजी पुतणीच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे, बाबासाहेब १९१७ साली लंडनचे शिक्षण सोडून आले आणि १९२० साली पुन्हा गेलेच ना? मग हिने का थांबावे?

गुरुजींचा आम्ही आदर करतो, पण हे काही आम्हाला पटले नाही. बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना यावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला आणि राहिलेले शिक्षण पुरे करायला ते परत गेले. मिळालेली जागा नाकारून ते गेले नव्हते. आम्ही तसे बोललो. गुरुजी म्हणाले, "मुद्दा जिद्दीचा आहे." आम्ही म्हणालो, "गुरुजी, जिद्द आहेच. प्रश्न ती कुठे खर्चायची एवढाच आहे." वहिनींनी मेथीची जुडी बाजूला ठेवून चहा टाकला, म्हणून वाद तेवढ्यावर राहिला.

आम्ही पेशाने कारकून. एखादे प्रकरण समोर आले की पहिल्यांदा कागद मागायचे, ही आमची खोड. पुतणीला म्हटले, "तुझी उत्तरे दाखव." ही सोय चांगली आहे. परीक्षेनंतर काही दिवसांत उमेदवाराला आपण काय उत्तरे दिली आणि बरोबर उत्तरे कोणती, हे दोन्ही संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. बहुतेक मुले एकदा गुण मोजतात आणि तो कागद विसरतात. पुन्हा बसावे की नाही याचे निम्मे उत्तर त्या कागदातच असते.

त्या वर्षी ६८ प्रश्न होते, एकूण २०४ गुण. बरोबर उत्तराला तीन मिळतात, पर्यायी प्रश्नाचे चुकले तर एक जातो. पुतणीचे तिन्ही विभाग मिळून ५४ होत होते. आता दोनशे चारपैकी चोपन्न म्हणजे आमच्या काळी घरी न सांगण्यासारखा निकाल! पण ही परीक्षा शंभरात किती मिळाले ते विचारत नाही, किती जणांच्या पुढे आहात ते विचारते. साधारण निम्म्या गुणांच्या आसपास गेलेला उमेदवार ९९ च्या घरात बसतो. हा फरक आमच्या अनेक पालकांना ठाऊक नसतो. "८८ टक्के मिळूनही रडते," असे एक मावशी जिन्यात म्हणाल्याचे वहिनींनी सांगितले. ते ८८ टक्के नव्हेत. त्या वर्षी सुमारे दोन लाख ९३ हजार जणांनी परीक्षा दिली. ८८ पर्सेंटाइल म्हणजे त्यांतले शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी हिच्या मागे, आणि तरीही पस्तीस हजार हिच्या पुढे.

"तुला पुढच्या वेळी किती हवेत?" आम्ही विचारले.

"पंचाण्णव."

आम्ही कागदावर हिशेब मांडला. पंचाण्णव म्हणजे पुढे साधारण पंधरा हजार. म्हणजे सात आकडे वर चढायचे तर वीस हजार मुले ओलांडायची. आणि ती मुलेही हातावर हात ठेवून बसणार नाहीत. त्यांतली कितीतरी पुन्हाच बसणार असतात. शाळेत ऐंशीचे सत्त्याऐंशी करतो तसे हे नाही.

पण कागद पुढे पाहिला, तेव्हा आम्हालाच तिच्या बाजूचा एक मुद्दा सापडला. इंग्रजी वाचनाच्या विभागात हिने चोवीसच्या चोवीस प्रश्न सोडवले होते. नऊ बरोबर, पंधरा चूक. चुकांपैकी दोन स्वतः उत्तर टंकायचे, त्यांना वजावट नाही. उरलेल्या तेरांनी तेरा गुण खाल्ले. सत्तावीसचे चौदा झाले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजीच्या पेपरात एकही प्रश्न सोडायला तयार नव्हती.

"इतके का लिहिलेस?"

"सोडले तर येत नाही असे वाटले असते, काका."

"कोणाला?"

ती काही बोलली नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हाला रात्री कळला.

सांगावयाचा मुद्दा असा की नुसते सोडायला शिकली असती तरी दहा-बारा गुण वाढले असते, आणि या परीक्षेत दहा-बारा गुण म्हणजे हजारो माणसे. तेव्हा पुन्हा बसली तर सुधारणा होणार नाही, असे आम्ही म्हणू शकत नव्हतो. दादांनी आम्हाला ज्या कामाला बोलावले होते ते आमच्या हातून होईना.

मग आम्ही सरावाचे निकाल मागितले. क्लासवाले ज्याला मॉक म्हणतात, त्या तिने चौदा दिल्या होत्या. सगळ्या ८४ ते ९० च्या मध्ये. ही गोष्ट आमच्या मते सर्वांत बोलकी. सरावात सतत ९५ येत असतील आणि परीक्षेच्या दिवशी ८० आले, तर त्या दिवशी काहीतरी बिघडले म्हणायचे. पुन्हा बसण्यात अर्थ आहे. सरावात आणि परीक्षेत एकच आकडा येत असेल, तर परीक्षेने खरे सांगितले. मग पुन्हा बसणे म्हणजे पुन्हा तोच आकडा आणणे. जोवर अभ्यासाची रीतच बदलत नाही तोवर. आणि रीत बदलायला मोकळा वेळ लागतो. ही सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला येते. नोकरी सोडून वर्ष घालवायचे, तर महिन्याचे सत्तावीस हजार जातात आणि क्लासचे पन्नास हजार वर. क्लासमध्ये अशा मुलांची वेगळी तुकडीच असते, तिला रिपीटर बॅच म्हणतात. नापास न झालेल्यांना नापासांसारखे बसवून त्यांच्याकडून फी घेणारा हा एकमेव धंदा असावा.

आणखी एक. कॅटचा निकाल एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो. परदेशी विद्यापीठांकडे जी जीमॅट चालते तिचे गुण पाच वर्षे धरले जातात, आणि सोळा दिवसांनी ती पुन्हाही देता येते. तिथे पुन्हा बसताना पहिले हातातच राहते. इथे तसे नाही. ही जागा सोडली की २०२४ चे ८८ म्हणजे रद्दी. पुढच्या नोव्हेंबरात ताप आला, डोके दुखले, पेपर अवघड गेला, तर ना ही जागा ना ती.

पुन्हा बसून बदलणार किती, तेही पाहिले. जुन्या मोठ्या आयआयएम केवळ कॅट पाहत नाहीत. दहावी, बारावी, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव यांना प्रत्येकीचे आपापले वजन असते. हिला दहावीला ७८, बारावीला ७१, बी.कॉम.ला ६६. नोव्हेंबर कितीही वेळा आला तरी हे आकडे तिथेच राहणार. इथे आमच्या मुलांचा हमखास घोटाळा होतो तो सांगून टाकतो. संस्था जी किमान पर्सेंटाइलची यादी जाहीर करतात, ती वाचून मुले म्हणतात, एवढे तर आले, म्हणजे मिळालेच. ते किमान म्हणजे अर्ज पाहण्यापुरते. प्रत्यक्षात बोलावणे येते ते बहुधा त्याच्या बरेच वर, आणि बोलावण्यानंतर पुन्हा मुलाखतीची चाळणी. दारात उभे राहायची परवानगी आणि घरात पाट मिळणे यांत अंतर आहे.

दादांची भीती निराळी होती. त्यांनी एकदाच तोंड उघडले. "एवढे पैसे कुठून आणायचे?" नव्या आयआयएमचीही दोन वर्षांची फी पंधरा ते वीस लाखांच्या घरात जाते, जुन्यांची त्याहून जास्त. ही भीती खोटी नाही. आयुष्यात कोऑपरेटिव्ह सोसायटीचे साठ हजार हेच ज्याचे सर्वांत मोठे कर्ज, त्याला वीस लाखांचा आकडा ऐकून झोप कशी येणार? पण यावर मार्ग आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. यादीतील संस्थांना ती लागू होते, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, आणि प्रत्येक संस्थेला तिच्या जागा ठरलेल्या असतात. म्हणून संस्थेचे नाव यादीत आहे का आणि जागा किती, हे प्रवेशाआधी संस्थेच्या कार्यालयात विचारून घ्यावे. दुसरे, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय बँकेचे कर्ज, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत. अर्थात दुसरी शिष्यवृत्ती मिळत असेल तर दोन्हींचा मेळ कसा बसतो, तेही बँकेत बसून पाहावे लागते. आम्ही दादांना कागदावर सगळे मांडून दिले. त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. पुढे तीन दिवस तो त्यांच्या खिशातच होता, असे वहिनी सांगत होत्या.

(जाता जाता: आयआयएमला जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या एमबीए सीईटीच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ही दोन्ही कामे निकाल लागल्यावर सुरू करणारे पालक आमच्या माहितीत बरेच आहेत. त्यांना आम्ही काय सांगावे?)

पुन्हा बसणे म्हणजे सदासर्वदा चूक, असे कोणी समजू नये. त्याच आठवड्यात आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा घरी आला होता. जयभीम करून उभाच राहिला, बसेना. त्यालाही त्याच परीक्षेत ६१ आले होते. एका खासगी महाविद्यालयाचा माणूस त्याला दिवसातून दोनदा फोन करत होता: आठ लाख भरा, मॅनेजमेंट कोट्यातून बसवतो, शंभर टक्के नोकरी. त्याचाही कागद आम्ही पाहिला. तर्काच्या विभागात चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटे तो एकाच संचात अडकून राहिला होता, हे त्याने स्वतःच सांगितले. इतका वेळ घातला, आता सोडून कसे चालेल, असे म्हणत तो बुडत गेला आणि त्या धक्क्यात गणितही गेले. सरावात मात्र त्याला ऐंशीच्या खाली कधी आले नव्हते. हातात सोडण्यासारखी जागा नाही, बिघडले काय ते बोट ठेवून दाखवता येते, वय बावीस, वडिलांचे रसवंतीगृह चालू आहे. आम्ही त्याला एका मिनिटात सांगितले, "बस पुन्हा. आणि त्या आठ लाखवाल्याचा फोन घेऊ नकोस." शिवाय नुसत्या कॅटवर राहू नकोस, राज्याची सीईटीही दे, असेही बजावले. तीत दोनशे प्रश्न आणि दीडशे मिनिटे, चुकल्याचे गुण जात नाहीत. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेचा रस्ता तिच्यातून जातो. वेगाने हात चालणाऱ्या मुलाला ती परीक्षा अधिक मानवते.

पुतणीचे मात्र तसे एका मिनिटाचे नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर ती आम्हाला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. पानाच्या टपरीपाशी थांबली आणि म्हणाली, "काका, निकाल कळला त्या दिवशी ऑफिसात मी पेढे नेले होते."

"मग?"

"एक जण म्हणाला, तुला काय, तुमच्या जागा असतातच. अठ्ठ्याऐंशीवर आम्हाला कोण विचारतो? पेढा खाऊनच म्हणाला."

आता आम्हाला चोवीसच्या चोवीस प्रश्नांचा अर्थ लागला. ही मुलगी त्याही आधीपासून कोणाला तरी उत्तर देत बसलेली होती. तिला पंचाण्णव हवे होते ते जुन्या आयआयएमसाठी नव्हे. त्या माणसापुढे तो आकडा ठेवता यावा म्हणून हवे होते.

तिला आम्ही काय म्हणालो ते जसेच्या तसे सांगतो. पेपर सगळ्यांना एकच होता. चाळीस मिनिटांची तुला एकेचाळीस मिळाली नाहीत, तुझ्या चुकीचा गुण कमी कापला नाही. जागा राखीव आहे ती कायद्याने. पंधरा टक्के अनुसूचित जातींसाठी, साडेसात टक्के जमातींसाठी. ती कोणाची मेहरबानी नाही. आत गेल्यावर परीक्षा पुन्हा सर्वांना एकच. हे सगळे तिला ठाऊक होते. चांगले ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकताना माणूस जसा मान हलवतो तशी ती हलवत होती. तेव्हा आम्ही न ठरवता एक वेगळीच गोष्ट सांगून बसलो, जी आजवर घरातही नीट सांगितलेली नव्हती.

सन २००९ मध्ये आम्ही खात्याची परीक्षा दिली होती. पास झालो असतो तर पुढची पायरी मिळाली असती. लेख्यांच्या पेपरात चार गुणांनी गेलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आमचे एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, "बी.कॉम. आणि लेख्यात नापास! म्हणजे पदवी कशी मिळाली असेल ते आले लक्षात." लोक हसले. आम्हीही हसलो. पुढच्या वर्षी परीक्षेचा अर्ज आला तेव्हा आम्ही तो भरला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. विचारणाऱ्याला आम्ही सांगायचो, समाजकार्यातून सवड होत नाही हो. सवड होती. चार गुणांचा प्रश्न होता, दोन महिन्यांचा अभ्यास होता. पण पुन्हा नापास झालो तर ते गृहस्थ पुन्हा काय म्हणतील, हे आमच्या कानात आधीच वाजत होते. आमच्यानंतर लागलेले दोघे आज आमचे साहेब आहेत, आणि चांगले आहेत बिचारे, आम्हाला बसायला खुर्ची देतात. ते वरिष्ठ केव्हाच निवृत्त झाले. आम्हाला ओळखतील की नाही शंका आहे.

"मी बसलो नाही ते त्यांच्या तोंडाकडे पाहून," आम्ही म्हणालो, "आणि तू बसते आहेस ती याच्या तोंडाकडे पाहून."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण काका, तिथे गेल्यावरही म्हणतील."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणतील, हे खरे आहे. आम्ही तसे कबूल केले आणि रिक्षा पकडली.

सोमवारी तिने सुट्टी टाकली. बँकेत गेली, संस्थेच्या कार्यालयात फोन करून शिष्यवृत्तीचे विचारले, दुपारी पुन्हा कागद पसरून बसली. गुरुजी दोनदा डोकावून गेले. निर्णय आमच्या बोलण्याने झाला असे आम्हाला वाटत होते, पण वहिनींनी नंतर खरे काय ते सांगितले. रात्री भाकऱ्या करताना पोरगी पुन्हा तेच बोलू लागली, आई, पंचाण्णव आले असते तर कोणी काही म्हणाले नसते. वहिनी आठवी शिकलेल्या, सकाळी वीस डबे करतात. त्या तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "आणि पंचाण्णवाला पण म्हणाला, तर? मग सत्त्याण्णवाला बसशील? तो गप्प बसेपर्यंत दर वर्षी परीक्षाच देत राहणार का?"

मंगळवारी सकाळी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, स्वीकृतीची रक्कम भरली. दादांनी सोसायटीतून काढलेले पैसे होते. खिशातला तो चार घड्यांचा कागद त्यांनी बँकेत साहेबांपुढे उलगडला आणि एकेक ओळ वाचून खात्री करून घेतली. आमच्या अक्षराबद्दल साहेबांनी तक्रार केली म्हणे.

जूनच्या अखेरीस ती गेली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेत आली होती. जाताना आम्हाला म्हणाली, "काका, तुम्ही आता बसा ना त्या परीक्षेला." आम्हाला हसू आले. वयाची अट ओलांडल्याने ती परीक्षा आम्हाला आता माफ आहे; कार्यालयाने तसे पत्रही दिले आहे. ते आम्ही तिला सांगितले. "माफ झाली म्हणून काय झाले?" असे म्हणून तिने पिशवीतून आपल्या उत्तरांचा तो कागद काढला आणि रसवंतीवाल्या मुलाच्या हातात दिला. चुकलेल्या पंधरा प्रश्नांभोवती तिने लाल शाईने गोल केले होते. त्यांतल्या प्रत्येकापुढे, हा मी का सोडला नाही, ते एकेका ओळीत लिहिले होते. एका ठिकाणी नुसते "भीती" असे होते, दुसऱ्या ठिकाणी "शेजारचा भराभर टिकटिक करत होता".

त्या मुलाने तो कागद अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवला. मग स्वतःची एक वही केली आणि पहिल्या पानावर शीर्षक घातले: सोडलेले प्रश्न. पहिल्या आठवड्यात तीत अकरा प्रश्न होते.